वजा तीन

रविवार, ९ मार्च, सकाळ

ताई,

आधी 'प्रिय ताई' लिहिलं होतं. मग 'प्रिय' खोडलं, मग कागदच बदलला. चार वर्षांत एक ओळ पाठवली नाही आणि आता एकदम 'प्रिय' म्हटलं, तर तू पहिल्याच शब्दाला पत्र मिटवून ठेवशील. म्हणून नुसतं ताई. तू बरी असशील, दाजी बरे असतील. तुझ्या सासूबाई अजून आहेत की नाहीत हेसुद्धा मला ठाऊक नाही, इतकं आपलं छान चाललंय.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. ह्यांनी तो दुरुस्त करायला घेतला, आता तो दोन ठिकाणी गळतो. ह्यांचा चष्मा रोज हरवतो आणि रोज ह्यांच्याच डोक्यावर सापडतो. मला वॉर्डची प्रमुख करून सहा वर्षं झाली. हाताखाली नऊ नर्सेस आहेत. सगळ्या मला घाबरतात असं ह्यांचं म्हणणं, पण ते स्वतः घाबरतात म्हणून त्यांना तसं वाटतं.

हे सगळं सांगायला पत्र लिहायला बसले नाही, हे तू ओळखलंच असशील. येत्या गुरुवारी अकरा वाजता माझी चौकशी आहे. आठ दिवस झाले, भात चिवडते आणि उठते. परवा एका पेशंटचं तापमान तीनदा बघितलं, कारण दोनदा बघितल्यावर आपण खरंच बघितलं का अशी शंका आली. ती बिचारी म्हणाली, "सिस्टर, फार वाईट आहे का?" तिला काहीही झालेलं नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एक बाई होत्या. साठीच्या, शिवणकाम करणाऱ्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. तुमच्याकडच्या, म्हणजे नदीपलीकडच्या. ('तुमच्याकडच्या' लिहिताना हात अडखळला. तू माझ्याच घरात, माझ्याच आईच्या पोटी जन्मलीस.) आमच्या वॉर्डात दर चार तासांनी पेशंटला विचारायचं असतं, दुखणं किती? शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. सांगतील तो आकडा तक्त्यावर लिहायचा. सात किंवा त्याच्या वर असला की लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं पोट दुखायला लागलं. तक्त्यावर पाच लिहिलेलं होतं. म्हणून नेहमीची गोळी दिली गेली. संध्याकाळी ताप चढला, नाडी धावायला लागली. आतला एक टाका सुटून गळती झाली होती. पोट पुन्हा उघडावं लागलं. चार दिवस बाई शुद्धीवर नव्हत्या. आता आहेत, वॉर्डात परत आल्या आहेत, पेज पितात. पण त्या म्हणतात की मी पाच सांगितलंच नव्हतं.

मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावून धीर दिला. म्हणाल्या, "तक्ता तुमच्या बाजूनं आहे. पाच सांगितलं, पाच लिहिलं, एवढंच बोलायचं. ती बाई काही म्हणू दे. त्या लोकांचं ठाऊक नाही का आपल्याला? राईचा पर्वत करतात. चौकशी समितीलाही ते ठाऊक आहे."

मला सुटल्यासारखं वाटलं. मग जिना उतरताना मी मधल्या पायरीवर चक्क बसले. का ते आत्ता लिहीत नाही. ह्यांचा चष्मा शोधायची वेळ झाली आहे.

मंगळवार, दुपार

पत्र पाठवलं नाही. वरचं वाचून बघितलं. 'पाच लिहिलेलं होतं' म्हणे. कोणी लिहिलं, भिंतीनं?

मी लिहिलं, ताई. त्या आठ म्हणाल्या होत्या. स्पष्ट, माझ्याकडे बघून, आठ. त्याआधी "आई गं, मेले गं" असा त्यांचा घोष चाललाच होता, सून पाय चेपत होती, शेजारच्या खाटेवरची कानावर उशी घेऊन पडली होती. मी आठ ऐकलं आणि हातानं पाच लिहिलं. विचारसुद्धा केला नाही. कारण आमच्या वॉर्डात एक रीत आहे, कुठेही न लिहिलेली. पेशंट पलीकडची असली की तीन वजा करायचे. आपल्याकडची असली की सांगेल तेच धरायचं, वर एखादा मिळवायचा, कारण आपली माणसं दुखलं तरी बोलत नाहीत. नवी नर्स आली की तिला पहिल्याच आठवड्यात हे कळतं. तिला हे कोण शिकवतं, तर मीच. हसत हसत शिकवते. "नाहीतर डॉक्टर दिवसभर आपल्याच वॉर्डात राहायला येतील," असं म्हणते. सगळ्या हसतात.

मी ते कुठून शिकले? थोडं माझ्या आधीच्या सिस्टरांकडून. पण खरं सांगू, त्यांच्याही आधी मला ते येत होतं. तुझ्या लग्नात तुझ्या सासरच्या बायका जेवढ्या मोठ्यानं हसल्या, तेवढ्याच मोठ्यानं निघताना रडल्या. मी सतरा वर्षांची होते. मी तेव्हाच ठरवून टाकलं की दोन्ही खोटं. दाजी मात्र मला आवडले होते. आठवतं, ते म्हणाले होते, "तुमच्याकडे रडायचं असलं तरी माणसं आधी चपला जागेवर लावून येत असतील." आई सोडून आपल्याकडचं कोणी हसलं नाही.

काल त्या शिवणकामवाल्या बाईंकडे गेले. जायला नको होतं, चौकशी व्हायच्या आधी पेशंटशी बोलायचं नाही असा नियम आहे. ड्रेसिंग बदलायच्या निमित्तानं गेले. चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली.

"बसा की," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या काय घाबरताय?"

मी विचारलं, "तुम्ही आठ म्हणाला होतात ना?"

"हो. आणि तुम्ही पाच लिहिलंत. बघत होते मी. आकडे वाचता येतात मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आधी वाटलं, तुमचं काही गणित असेल. मग म्हटलं, बोललं तर म्हणतील, बघा, लागली कांगावा करायला. तुमच्याकडे आम्ही जरा जोरात बोललो की कांगावा असतो."

मी जुनी पट्टी गुंडाळली. त्या पुढे म्हणाल्या, "सिस्टर, चाळीस वर्षं मापं घेतेय मी. बायका म्हणतात, कंबर थोडी कमी लिहा. कमी लिहिली तर कपडा अंगात शिरेल का? आठ होतं म्हणून आठ सांगितलं. दहा नव्हतं. दहा मला माहीत आहे. माझा मुलगा गेला तेव्हा दहा होतं, आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाज निघाला नव्हता."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. पिऊन झाल्यावर त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला तर लहानपणी सांगायचे, अलीकडच्या लोकांना दुखतच नाही, लाकडाची असतात ती. तुम्हाला घाम फुटलेला बघून बरं वाटलं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी मजेत घरी आले असते. म्हटलं असतं, बघा, ह्यांचं असंच. आता मला कुठे पळायला जागा नाही. गुरुवारी मी मेट्रनबाईंनी सांगितलं तेवढंच बोलले, तर सगळे माझ्यावर विश्वास ठेवतील. माझा तक्ता खरा म्हणून नव्हे, त्या पलीकडच्या म्हणून. तिथेही त्यांच्या आठातून तीन वजा होतील आणि मी सुटेन. आणि खरं बोलले तर सव्वीस वर्षांची नोकरी जाईल, कदाचित नर्स म्हणून काम करायचा परवानाही. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते समजतात माझं पित्त वाढलंय.

अजून एक आहे. ते लिहायला बसले की मला काहीतरी काम आठवतं. आत्ताही आठवलं.

गुरुवार, १३ मार्च, दुपारी तीन

झालं.

खोलीत तिघं होती. मोठे डॉक्टर, मेट्रनबाई आणि कार्यालयातले एक गृहस्थ, ते लिहून घेत होते. डॉक्टरांनी विचारलं, पेशंटनं काय सांगितलं होतं? मी म्हटलं, "आठ. मी पाच लिहिलं."

कार्यालयातले गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "म्हणजे ऐकण्यात गफलत झाली."

"नाही," मी म्हटलं, "कान ठीक आहेत माझे. त्या नदीपलीकडच्या आहेत म्हणून मी तीन कमी केले. पलीकडच्या सगळ्यांचेच करते. हाताखालच्यांना मीच शिकवलं आहे, त्यांच्यावर काही घेऊ नका."

त्यांचं पेन थांबलं. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षं?" मी म्हटलं, जुने तक्ते काढा, पलीकडच्या पेशंटच्या खाली आठ कुठे सापडतो का बघा. आणि यापुढे तक्ता आणि पेन पेशंटच्या हातात द्या. आकडा त्यांचा त्यांनाच लिहू दे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोटं दाखवावीत. पण आमच्या हातून नको, निदान माझ्या तरी नको. डॉक्टरांनी हे कागदावर घ्यायला सांगितलं. करतील की नाही देव जाणे.

निकाल पंधरा दिवसांनी. तोवर मी घरी. बाहेर आल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, "आपणहून विहिरीत उडी घेतलीत." घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुझ्या ताईला कळवलंस का?" ते असं का म्हणाले, त्यांना किती ठाऊक आहे, मी विचारलं नाही. आत येऊन दार लावलं आणि आता हे लिहिते आहे. आता दुसरं काही काम आठवलं तरी उठणार नाही.

एकोणतीस वर्षांपूर्वी तू आईला पत्र लिहिलं होतंस. तुला सातवा महिना होता. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तुझी पत्रं मी वाचून दाखवायची. फोन दोन्ही घरी नव्हता. तू लिहिलं होतंस, "आई, पोटात फार दुखतं. सगळे म्हणतात पडून राहा, पण मला काहीतरी वाईट होणार असं वाटतं. मला फार भीती वाटते. तू ये. उद्याच्या उद्या ये."

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटायच्या वयात. मनात म्हटलं, झाली ही पण त्यांच्यातलीच, बाऊ करायला शिकली. आणि मी आईला वाचून दाखवलं, "तब्येत थोडी नरम आहे, पडून राहायला सांगितलंय. जमलं तर येऊन जा."

आईनं विचारलं, "फार आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही गं. आता तिकडच्या पद्धतीनं लिहिते ती."

तरी आईनं मला माळ्यावरची पिशवी काढायला लावली होती. दोन लुगडी घडी करून बाहेर ठेवली होती. मीच म्हटलं, माझी परीक्षा होऊ दे, मग दोघी जाऊ. तिनं लुगडी परत आत ठेवली. अकरा दिवसांनी बाळ गेल्याचा निरोप आला. आणि त्याच्या मागून तुझी एक ओळ, आता कोणी येऊ नका. ती मी आईला जशीच्या तशी वाचून दाखवली. तेवढीच.

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू आलीस आणि दारातूनच परतलीस. जाताना मला म्हणालीस, "सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, त्यांच्याकडची माणसं थंड असतात, कोणी येणार नाही. मी भांडले होते त्यांच्याशी. माझी आई तशी नाही म्हटलं होतं. आणि ती आलीच नाही." मी मूग गिळून उभी राहिले. आई आत पांढऱ्या चादरीखाली होती आणि तिच्यावरचा आळ मला एका वाक्यात दूर करता आला असता. चौकशीच्या खोलीत अनोळखी माणसांसमोर जे तोंडातून निघालं, ते तुझ्यासमोर निघालं नाही. नोकरी जाण्यापेक्षा मला तुझी जास्त भीती वाटते.

तुझं ते पत्र माझ्याकडे आहे. पत्र्याच्या डब्यात, माझ्या प्रमाणपत्रांच्या खाली. आज ते काढलं आणि मोठ्यानं वाचलं, एकही शब्द न गाळता. 'उद्याच्या उद्या' दोनदा वाचलं. सोबत पाठवते आहे. ते तुझं आहे. माझं काही ऐकू नकोस, पण एवढं सासूबाईंना, त्या असतील तर, आणि दाजींना सांग: आई थंड नव्हती. तिला ऐकूच आलं नव्हतं.

क्षमा मागायला लेखणी उचलली होती, पण तो आकडाही मीच ठरवायचा नाही म्हणून थांबते. तुला किती दुखलं ते तू लिही. दहाच्या वर असेल तर तसं लिही. शिव्या असतील तर त्याही लिही. आणि काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर कोराच कागद पाठव, मी तोही पूर्ण वाचीन.

आईची ती पिशवी आता माझ्या माळ्यावर आहे. तू ये म्हणालीस तर उद्याच्या उद्या निघेन.

आईला तुझ्याकडे येऊ न देणारी,
बारकी