सीटच्या दांडीवरची टेप

५ जाने., सोमवार
सकाळी सहाला निघालो. पुलापासून बीदरचा चढ. दर्ग्याच्या वळणावर पाय टेकला, पुढे ढकलत वर. शाळेत उशीर झाला.
थोरला भाऊ, अण्णा, हा चढ रोज न उतरता चढायचा. त्याला जाऊन अकरा महिने झाले. सायकल त्याचीच.

८ जाने.
वहिनी म्हणाल्या, "भावजी, वर्षश्राद्ध झालं की सायकल माझ्या भावाला देते. भिंतीला टेकवून कामून ठेवायची?"
मी चालवतो, म्हटलं.
"चालवायलाव कुठं? ढकलायलाव. अख्खी गल्ली बघायलीय."
मग त्याच म्हणाल्या, त्या दिवसापर्यंत एकदा न उतरता वर गेलात तर ठेवा.

१२ जाने.
वळणावर गिअर बदलला, चेन पडली. काळ्या हातांनी वर्गात गेलो.
या चढावर सायकलवरून अण्णाच्या जोडीला असायचे ते खाजाभाई वाटेत भेटले. "सर, गिअर चढाच्या आधी टाकायचा. पाय जड झाल्यावर न्हाई. आन वर बघू नका. चाकाम्होरं दहा फूट बघा, बास."

१६ जाने.
तसं केलं. हात सैल, श्वास पेडलच्या लयीत. वळण गेलं. पाण्याच्या टाकीपाशी टेकला. कंबर दुखते.

२० जाने.
पुन्हा टाकीच. खाजाभाई मागून येत होते. "सर, कंबर बैलगाडीवानी डुलायलीय. सीट उंच हाय. अण्णा तुमच्याहून चार बोटं उंच. खाली घ्या की."
माहीत आहे. अकरा महिने माहीत आहे. दांडीला अण्णाने त्याच्या उंचीच्या खुणेवर लाल टेप गुंडाळली आहे. जाड. ती काढल्याशिवाय दांडी आत जात नाही.
पुढच्या आठवड्यात बघू, म्हटलं.
"अण्णाबी दवाखान्याचं असंच म्हणायचा."


२४ जाने., शनिवार
उद्या वर्षश्राद्ध. गुरुजी दहाला येणार. वहिनींचा भाऊ टेम्पो घेऊन येतोय.
दुपारी वहिनी सामान आणायला बाजारात गेल्या. घरात मी एकटा. पाना घेतला. टेप नखाने सुटेना, ब्लेडने कापली. चिकट राहिलं ते रॉकेलने पुसलं. सीट चार बोटं खाली. बसून पाहिलं, पाय पोचतात.
टेपचं काय करावं कळेना. कपाटात ठेवली.
उद्या सकाळी साडेपाचला निघालो तर गुरुजी यायच्या आत चढ करून परत येता येईल.
पंप काढला. आधी पुढच्या चाकात हवा भरली, मग मागच्या.