कमळाचा शिक्का

६ मार्च १९१७, मंगळवार

दिलदारच्या बाटलीचं बूच हरवलं. त्याची आई सुलतानबी म्हणाली, तुमच्या कोठीतून एखादं आणा, गुरुवारी त्याच्या नावानं फातिहाला पाणी भरायचं असतं.

बाटली पाच महिने कोनाड्यात आहे. दिलदारच्या पलटणीतल्या कृष्णातनं लढाईवरून परतताना बसऱ्याहून आणली. "शेवटचं पाणी ह्यातनं प्याला, चाचा. माझ्या मांडीवर गेला." सरकारी पत्रात नुसतं 'बेपत्ता' होतं. पोराचं मरण आम्ही या बाटलीवरून मानलं.

आज प्रथमच बूड नीट पाहिलं. तपकिरी, दगडासारखी भाजलेली माती. कारखान्यागणिक बुचाचं माप वेगळं, म्हणून शिक्का बघायचा — दवाखान्याच्या कोठीत अठरा वर्षं हेच केलं. बुडाजवळ लंबगोल, आत कमळ. हा विलायतेचा नव्हे.

७ मार्च

कोठीत कमळाच्या बऱ्याच निघाल्या. सगळ्या अलीकडच्या. दिलदार बेपत्ता झाला पंधरा सालच्या डिसेंबरात.

८ मार्च, गुरुवार

सोडावाल्या आण्णाकडे गेलो. बाटल्यांचा सगळा माल तोच मागवतो.

"फक्रुद्दीनभाई, बुडात काय बघताय? नशीब?"

शिक्का दाखवला.

"ह्यो मद्रासकडचा. लढाईनं विलायती माल बंद पडला, तवा निघाला. गेल्या जूनात पयल्यांदा आला. त्याच्या आदी ही भट्टीच न्हवती की!"

बूच घेऊन घरी आलो. नीट बसलं. सुलतानबीला काही बोललो नाही.

९ मार्च

तेवीसला रशिदाचा निकाह. हातकणंगल्याचा सिकंदर — शिंपी, बायको वारलेली, माणूस शांत. सुनेसाठी स्थळ मीच पाहिलं. कृष्णातच्या शब्दावर तिनं इद्दतीचे, विधवेच्या शोकाचे, चार महिने दहा दिवस काढले. एकोणीस वर्षांची आहे. नवरा नुसता बेपत्ता असेल तर निकाह होत नाही. काजी थांबा म्हणतात. किती वर्षं, ते कुणाला ठाऊक.

१४ मार्च

रजा काढून नेसरीला, कृष्णातच्या गावी. टांगा, मग बैलगाडी.

कृष्णात गोठ्यात होता. अजून लंगडतो. बाटली पुढे ठेवली. म्हणालो, हा माल गेल्या जूनात पहिल्यांदा आला.

"कागलच्या बाजारात घेतली, चाचा. रिकाम्या हातानं तुमच्या दारात कसा येऊ?"

"आणि दिलदार?"

"मला गोळी लागली, नदीतल्या पडावात घातलं. तो काठावर हुता. उभा हुता."

"मग मेला असं का सांगितलंस?"

"तिथं ऱ्हायलेला एकबी माघारी आला न्हाय. तुमच्या घरात शिरलो तर वैनी दारामागं उभ्या. किती वरसं उभ्या ऱ्हायच्या त्या?"

त्याच्या आईनं भाकरी वाढली. खाल्ली.

१६ मार्च

रशिदानं विचारलं, "अब्बा, नेसरीला का गेलता?"

"कृष्णातला आवतण द्यायला."

ती भांडी घासत होती. हात थांबले. "अब्बा, मी हातकणंगल्याला जाऊ न्हवं?"

नमाजाची वेळ झाली म्हणून उठलो. वेळ झाली नव्हती.

१९ मार्च

झोप नाही. पडाव दिसतो, काठ दिसतो. तो उभा.

२३ मार्च, शुक्रवार

काजींनी विचारलं — दिलदार मयत, याला साक्ष कोणाची? कृष्णात समोरच बसला होता. मान वर करीना.

मी म्हणालो, माझी.