नातीच्या टोपीचं माप

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, सहावर भागवून घे.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा मोतीबिंदू पिकला, की डॉक्टर अजून "थांबा" म्हणतायत? गेले सहा महिने तू माझ्याशी बोलत नाहीस, त्यामुळे तुमची खुशाली मला तुझ्या भावजयीकडून कळते, आणि ती बाई निम्मं गाळून सांगते. मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की हात जोडून देवाकडे मागणं ही निव्वळ भिकाऱ्याची रीत आहे, शहाण्या माणसाने आता मॅनिफेस्टिंग करावं, म्हणजे हवं ते मनात बघून मिळवावं. ते पत्र फाडलं असशील तर उत्तम केलंस. नसशील तर आधी फाड, आणि मग पुढे वाच.

झालं असं की जावईबापूंनी मला फोनवर एका सरांचा वर्ग लावून दिला. सर बोलायला गोड. (शर्टाची कॉलर मात्र वाकडी बसवलेली, माझं लक्ष सारखं तिकडे जायचं.) त्यांचं म्हणणं असं की प्रार्थना करणारा माणूस स्वतःला लहान समजतो, "दे" म्हणतो, आणि मिळेल की नाही या घोरात बसतो. व्हिज्युअलायझेशन करणारा डोळे मिटतो, हवी ती वस्तू रंग, वास आणि मापासकट स्वच्छ बघतो, आणि ती मिळालीच असं धरून आभार मानून मोकळा होतो. माप म्हटल्याबरोबर मी विरघळलो. चाळीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरणारा मी शिंपी! दारातून गिऱ्हाईक आत आलं की नजरेनेच त्याची छाती सांगतो, अर्ध्या इंचाचा फरक नाही. मला वाटलं, हे तर आपल्याच धंद्यातलं काम.

पहिला प्रयोग म्हणून मी शिलाई मशीन बघितलं. काळं, चकचकीत, पायाने चालवायचं. आणि ताई, आठव्या दिवशी मशीन आलं की गं! शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घर रंगवायला काढलं म्हणून सासूबाईंचं जुनं मशीन दोन दिवसांसाठी माझ्या दुकानात आणून ठेवलं. ते अजून आहे. सुई नाही, पट्टा नाही, आणि कापायच्या टेबलापर्यंत जायला मला खेकड्यासारखं आडवं चालावं लागतं. सरांना विचारलं तर म्हणाले, तपशील कमी पडला, "माझं" आणि "चालू" हे दोन शब्द राहिले.

मग मी तपशिलाच्या मागे हात धुऊन लागलो. आमच्या बँकेचे मॅनेजरसाहेब त्याच वर्गातले. मेव्हणीच्या लग्नासाठी पँट शिवायला आले. मी कमरेला टेप लावायला गेलो तर म्हणाले, टेप राहू द्या, मी चौतीस झालोय. माझी नजर बेचाळीस सांगत होती. दुसऱ्या कुणी शिंप्याने मान डोलावली असती आणि गुपचूप बेचाळीस शिवली असती. पण मी पडलो श्रद्धावंत! मी चौतीसच शिवली. एवढंच नाही, शिवणीत पुढेमागे उसवता यावं म्हणून दोन बोटं जादा कापड दाबून ठेवतो ना, तेही ठेवलं नाही. जादा कापड म्हणजे शंका, आणि शंका आली की सगळं फिसकटतं असं सरांनी बजावलं होतं. ट्रायलच्या दिवशी आम्ही दोघांनी आतल्या खोलीत डोळे मिटून आभार मानले, दोघांनीही श्वास रोखला, आणि तिसऱ्या मिनिटाला साहेबांनी तो सोडला. गुंडी आरशावर आपटली, आरशाला टवका गेला. लग्नाला ते जुन्या पँटीत गेले. बँकेत हल्ली माझ्याकडे बघतही नाहीत, मधल्या पंख्याकडे बघतात.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर तुझा भाऊ कसला? तुला ठाऊकच आहे, आमच्या लेकीचं, चिमीचं, बाळ याआधी दोनदा राहिलं नाही. या खेपेला कोणावर काही सोडायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. रोज सकाळी दुकान उघडलं की डोळे मिटून बाळ बघायचं. नऊ महिने पुरे भरलेलं, साडेतीन किलोचं, मनगटाला वळ्या पडलेलं. आणि त्या मापाचं पिवळं जाकीट मी शिवलं सुद्धा. लाकडी गुंड्या, आतून मऊ अस्तर, आणि जादा कापड शून्य! तुझी भावजय मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीशी हात जोडून बसायची, नेहमीसारखी. मी एकदा डिवचलं, तू नक्की मागतेस तरी काय? म्हणाली, चिमीचं नाव घेते आणि गप्प बसते. मी म्हटलं, अगं, ऑर्डर दिल्याशिवाय समोरच्याला माप कळणार कसं? आणि पुढे जे बोलू नये ते बोललो. आधीच्या दोन खेपांनाही हात जोडले होतेस, काय उपयोग झाला? तिने पोळपाट धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि म्हणाली, "दोन्ही वेळेला मी एकटी नव्हते, एवढा झाला." मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नाही.

आजपासून बरोबर बारा दिवसांपूर्वी चिमीची प्रसूती झाली. दोन महिने आधी. मुलगी. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. (हिने तुला फोन केला असेलच, पण ही सगळ्याला "ठीक आहे" म्हणते, म्हणून मी खरं लिहितोय. चिमी ठीक आहे. बाळाचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.) मी पिशवीत जाकीट घेऊन इस्पितळात पळालो. नर्सबाईंनी हात धुवायला लावले, अंगावर हिरवा झगा चढवला, आणि काचेच्या पेटीपुढे नेऊन उभं केलं.

ताई, कसं सांगू तुला. मी सवयीने नजरेने माप घ्यायला गेलो आणि आकडाच येईना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! नुसता बघत राहिलो. तिच्या नाकात नळी होती, छाती भराभर वरखाली होत होती, आणि एक हात बाहेर होता. त्या हाताला नखं होती गं! पाच बोटांना पाच, आणि प्रत्येक कडेला नीट गोल वळवलेलं. एवढ्याशा जागेत एवढं बारीक काम मी जन्मात पाहिलेलं नाही. मी शिवण शोधली. खरंच शोधली, शिंप्याची खोड. कुठे टाका दिसेना. माझ्या पिशवीतल्या जाकिटात तिच्यासारख्या तिघी मावल्या असत्या. मी इतके महिने डोळे मिटून ऑर्डर देत होतो, आणि इकडे कोणीतरी मला न विचारता नखं घडवत बसलं होतं. माझे हात कधी जोडले गेले ते मला कळलं नाही, नर्सबाई म्हणाल्या तेव्हा कळलं.

त्याच म्हणाल्या, डोकं उबदार ठेवायला हवं आणि इस्पितळातल्या टोप्या मोठ्या होतात, शिवाल का? डोक्याचा घेर त्यांनीच मोजून दिला. तो कागद मी दोनदा वाचला. दुकानात येऊन माझ्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनची बाही कापली आणि हातानेच शिवायला बसलो. डोळे मिटायची सोय नव्हती, सुई होती. पुढचं काही दिसतही नव्हतं. शिवता शिवता मला माझी तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं आठवली. काही जण फोटो घेऊन येतात, हुबेहूब अस्संच हवं म्हणतात, आणि शेवटपर्यंत माझ्या कात्रीवर नजर ठेवून उभे राहतात. एखादं गिऱ्हाईक नुसतं कापड ठेवतं आणि म्हणतं, तुम्हाला बरं दिसेल तसं शिवा. अशा गिऱ्हाइकाची मला फार भीती वाटते बघ. त्याचं कापड हातात घेतलं की मी दुकानातलं बोलणंसुद्धा बंद करतो. तुझी भावजय इतकी वर्षं खिडकीशी बसून तेच करत होती, आणि मी तिला माप शिकवत होतो! टोपी शिवून होईपर्यंत माझे ओठ हलत होते. टोपीला मी चांगलं दोन बोटं जादा कापड ठेवलंय. वाढली की उसवता येईल.

भाऊजींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझा धाकटा, चुकलेला भाऊ

ता. क. मॅनिफेस्टिंग मी साफ सोडलंय असं तुला वाटलं असेल तर ते खोटं आहे. रोज सकाळी ती मला पिवळं जाकीट घालून दुकानात आडवी चालत मशीनच्या मागे लपताना दिसते. मी काही करत नाही, आपोआप दिसते. आभार मात्र अजून मानलेले नाहीत, विनंतीच करतो.

ता. क. २. आता ज्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं ते. आपल्याला ताप आला की आई कपाळावर हात ठेवून चार ओळी म्हणायची बघ. टोपी शिवताना माझ्या तोंडात त्याच आल्या, पण मला पहिल्या दोनच येतात. हिला विचारावं तर ही गप्प बसणारी. बारा दिवस मी त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणतोय. उरलेल्या दोन तुलाच येतात. पत्राने नको, फोन कर. राग गेला नसेल तर माझ्याशी बोलू नकोस, दोन ओळी म्हण आणि ठेवून दे.

ता. क. ३. अर्धी प्रार्थना चालते का, असं तू विचारशील. आज सकाळी वजन केलं, वीस ग्रॅम वाढलंय. अर्धीवर एवढं. ताई, लवकर फोन कर.