शेल्फावरचा स्पीकर

ता. १०, सोमवार

लाडक्या दादाला,
टुकूचा नमस्कार. आम्ही इथे मजेत, तूही मजेत असशील. आईचे गुडघे कुरकुरतात, आप्पा तिच्यावर कुरकुरतात. माझ्या ठमीला सातवा महिना लागलाय. खालचे दोन दात आलेत, चावते मेली.

तू म्हणशील, फोन असताना ही पत्र कशाला लिहितेय. फोनवर तू "काय गं टुकू" म्हणालास की मी रडायलाच लागते. कागदावर बरं असतं, मध्येच उठून तोंड धुऊन येता येतं. आठवीत शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराला हसायचं नाही.

तुझा जुना कॉम्प्युटर अजून चालतो. आप्पांसारखा घोरतो, पण चालतो. त्यातलं तुझं ते आवाज बनवायचं सिंथही उघडतं. इतकी वर्षं मी त्यातले तयार आवाजच वाजवायचे. आता बाळंतपणानंतर घरातच असते, तर एकेक बटण फिरवून बघितलं. ते फिल्टरचं बटण मागे नेलं की आवाज पांघरुणात शिरल्यासारखा होतो. सुरुवात लांबवली की कुणी हळूच दार लोटल्यासारखा येतो. एकाच सुराचे दोन आवाज घेऊन एकाला केसभर सरकवलं तर दोघं डुलायलाच लागतात. तू हे सगळं तेव्हा सांगायचास आणि मी शेंगा खात बसायचे.

लाँड्रीच्या वरची आपली खोली आठवते का रे? खालून वाफ यायची, भिंती कायम ओलसर. एकच हेडफोन, एक कान तुझा, एक माझा. तू नळ गळल्याचा आवाज बनवून स्पीकरवर लावलास आणि आई उठून नळ आवळून आली. दोनदा! तिसऱ्यांदा लाटणं घेऊन आली. मी सगळी बटणं एकदम फिरवली की तू टपली मारायचास. "एका वेळी एकच फिरव गं गाढवे! दोन फिरवलीस तर कशानं काय झालं ते देवाला तरी कळेल का?" किती हसायचो आपण. तेवढं मी नंतर कधी हसलेच नाही बघ.

ठमीसाठी मी एक जाड आवाज बनवलाय, छातीत घुमतो असा. स्पीकर पाळण्याच्या फळीवर ठेवून वाजवला की पोरगी डोळे मोठे करते, हातपाय नाचवते. मी सगळ्यांना सांगत सुटले, मामावर गेलीय म्हणून.

झोप मात्र फार गाढ तिची. परवा माझ्या हातून पातेल्यांची चळत पडली. समोरच्या आजी धावत आल्या. ठमी हललीसुद्धा नाही. हे म्हणाले, "झोपेत बापावर गेलीय." सगळे हसले. मीपण हसले.

दादा, मी इकडचं तिकडचं लिहितेय. आता लिहिते.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं होतं, "आवाजाकडे मान वळवते का?" मी म्हणाले, "वळवते की! गाण्याची वेडी आहे." त्यांनी कागदावर खूण केली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती रे. मी तिला हुसकून लावलं.

काल तुझं ऐकलं. एकच गोष्ट बदलली. आवाज तोच, तेवढाच मोठा, फक्त स्पीकर फळीवरून उचलून तिच्या मागच्या शेल्फावर ठेवला. ती पायाचा अंगठा चोखत पडली होती. तशीच राहिली. मी आवाज वाढवला. खालचा शिंपी ओरडला, "अहो वहिनी, भिंत पाडताय का?" तिनं मान वळवली नाही. परत फळीवर ठेवला, लगेच खुदकन हसली. चार वेळा केलं. चारही वेळा तेच.

ती ऐकत नव्हती दादा. फळी थरथरायची, ते तिच्या पाठीला कळायचं.

आज सकाळी जाऊन नर्सबाईंना खरं सांगितलं. वाटलं, आता माझी खरडपट्टी. त्या एवढंच म्हणाल्या, "आलीस ना, आता पुढचं बघू." मग तर मला फारच रडू आलं. माझ्यामुळे लेकराचे दोन महिने गेले.

तपासणी एकवीस तारखेला आहे, सकाळी दहाला. एका बंद खोलीत आवाज लावतात. ठमीला मांडीवर घेऊन मी बसायचं. म्हणजे मला ऐकू येत राहणार आणि तिच्या तोंडाकडे बघायचं. ह्यांना आज कामावरून आले की सांगते. ते येतीलच, पण ते माझ्याहून घाबरट. आम्ही दोघं मिळून डॉक्टरांना सांगू, "हललं बघा, आत्ता हललं डोकं," आणि आम्हाला ते खरंही वाटेल.

तू ये. तुझ्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. रजा मिळत नसेल तर भांड, पण ये. तिथे माझ्या शेजारी नुसता बस.

तुझी खोटारडी,
टुकू