वाटाड्यांचं घर

जलीब, कुवेत
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

प्रिय शत्रुघ्न यास,

अरुणचा नमस्कार. तुझ्या आईला, आनंदीकाकूंना, माझा दंडवत सांग. तुझ्या लेकीची, समिधाची, बारावी जवळ आली, तिला म्हणावं मोबाईल जरा बाजूला ठेव.

इकडे थंडी अशी की सकाळी नळाला हात लावायला नको वाटतो. तुझ्या कॉटवर एक तेलंगणाचा प्लंबर आलाय. झोपेत बडबडतो, पण तुझ्यासारखा घोरत नाही, एवढं पुण्य आमच्या पदरी पडलं. मुबीन पुढच्या आठवड्यात गावी निघालाय. तुझी रंध्या-पटाशीची पेटी त्याच्याबरोबर पाठवतोय, त्यातच हे पत्र.

रोज फोनवर बोलतो आणि आता पत्र कसलं, असं वाटेल तुला. फोनवर मी तीनदा सुरुवात केली. एकदा आंब्याचा मोहोर विचारला, एकदा काकूंचा गुडघा. तिसऱ्यांदा तूच म्हणालास, "काय रे, बोल ना." मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती.

परवा तू म्हणालास, तुला आपल्या खोलीतल्या रेहाननंच पकडून दिलं. बंदरावर त्याच्या अब्बांच्या दुकानात आता आपल्या वाडीतलं कुणी पाय ठेवत नाही, हेही सांगितलंस, जरा खुशीतच. जी वाडी तुमच्या अंगणाच्या दगडी गडग्याच्या आत येत नाही, ती या कामाला बरी तुमच्या बाजूनं उभी राहिली! इकडेही कालपर्यंत रेहानबरोबर कुणी जेवत नव्हतं. तो थाळी घेऊन जिन्यात बसायचा. मी त्याला आत ये म्हटलं नाही.

आता आपल्या गावाची, कोंडबंदराची गोष्ट. तुला ती पाठ आहे, तरी लिहितो, कारण मी ती जन्मभर अर्धीच सांगत आलो. चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज फिरंग्यांची जहाजं खाडीच्या तोंडाशी आली. त्यांच्यावर तेव्हा स्पेनच्या राजाचा अंमल होता, असं गुरुजी सांगायचे. वाळूचा दांडा चुकवून आत यायची वाट तुझ्या पूर्वजाला ठाऊक होती, ती त्यानं दाखवली. गाव जळलं, बायामाणसं गुलाम म्हणून गेली. तेव्हापासून तुमचं घर वाटाड्यांचं. शिमग्यात देवीची पालखी प्रत्येकाच्या अंगणात नाचते, तुमची ओटी मात्र गडग्याबाहेरूनच घेऊन पुढे जाते.

तुझी आजी सांगायची, फिरंग्यांनी त्या पूर्वजाच्या पोराच्या गळ्यावर सुरी धरली होती. आम्ही मानकरी हसायचो. पालखीचा पुढचा खांदा आमच्या घराचा ना! मी पहिल्यांदा खांदा दिला त्या वर्षी काकू ओटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरुणा, एकदा तरी आत आण रे देवीला." मी म्हणालो, "चला पुढं." वीस वर्षांचा होतो, पण तेवढी अक्कल असायला हवी होती.

नोव्हेंबरात पोलिसांची तपासणी आली, तेव्हा तुझा अकामा, इथला राहायचा परवाना, संपून सात महिने झाले होते आणि तू गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसला होतास. खोलीत रेहान आणि मी, दोघंच. तू माझ्यावर संशय घेतलाच नाहीस. रेहान आत कागद शोधत होता, दारात मी होतो. साहेबानं माझा सिव्हिल आयडी बघितला, परत दिला आणि हिंदीत विचारलं, "और कोई है?" बस, एवढंच. ओरडला नाही, हात उगारला नाही. मी बोट वर केलं.

मी दाखवलं, शत्रुघ्न. रेहाननं नाही.

खोटं बोललो तर मलाही नेतील, असं वाटलं. माझ्या ज्ञानदाच्या गळ्यावर कुणी सुरी धरली नव्हती. मी नुसता घाबरलो. आणि दुसऱ्या दिवशी तुझी बॅग भरून कोठडीवर घेऊन आलो, तेव्हा जाळीपलीकडून तू म्हणालास, "तू होतास म्हणून बरं." आता तुझ्या बोटांचे ठसे घेऊन तुला घरी धाडलंय, पुन्हा इकडे येता येणार नाही. ते माझ्यामुळे. 

काल सगळ्यांदेखत रेहानला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी किती दिवस चालू द्यायची?  तो म्हणाला, "अरुणभाई, इथं सांगितलंत. माझ्या अब्बांना कोण सांगणार?"

शिमग्याला मी येतोय, सुट्टी मंजूर झाली. पालखी उठायच्या आधी, सगळा गाव जमलेला असताना, हे सगळं बोलणार आणि पुढचा खांदा सोडणार. तुमच्या अंगणात नाचवल्याशिवाय पालखी आमच्या अंगणात आणू नका, असं दादाला कळवलंय. तो म्हणाला, "परदेशात राहून डोकं फिरलंय तुझं." ऐकतील न ऐकतील, मी बोलणार.

पण शिमगा अजून दीड महिना लांब आहे आणि रेहानच्या अब्बांचं दुकान रोज उघडतं. म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. माफी मागत नाही, तेवढं तोंड मला नाही. हे पत्र घेऊन त्यांच्याकडे जा. त्यांना मराठी वाचता येतं, तरी तूच वाच, मोठ्यानं, आजूबाजूला चार माणसं असताना. खाली नाव मुद्दाम पूर्ण लिहिलंय. तेही वाच.

अरुण गणपत मानकर