करडईवर चालणारा पंप

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, जमलं! पासष्ट किलो करडई घाण्यावर गाळली, वीस लिटर तेल निघालं. त्यात मोजून मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला, पंचावन्न अंशांवर तासभर ढवळलं. सकाळी बघतो तर तळाशी काळपट ग्लिसरीन आणि वर सोन्यासारखं इंधन! हिला ओढत आणून दाखवलं. रंग छान आहे म्हणाली, आणि आता माझा वजनकाटा परत द्या म्हणाली.

वीस तारखेला गावच्या शेती सोसायटीची माणसं येताहेत. यावर पाण्याचा पंप तासभर चालला तर सोसायटीचे पडीक तीस एकर करडईला, नाहीतर वीटभट्टीला. भट्टीवाला आत्ताच टेप घेऊन हिंडतोय. आता इंधन पाण्याने धुतलं की झालं. धुण्यात मी हयगय करत नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा धाकटा

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

घात झाला. पाणी घालून डबा पाऊण तास हलवला, खांदे भरून आले. आत सगळं दह्यासारखं पांढरं झालंय, निवळायचं नाव नाही. पाणी जड असावं, किंवा डबा खराब. दुसरं तेल काढायला बी उरलेलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत तुझी चौतीस वर्षं गेली म्हणून आपलं सहज कळवतो.

धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाणी चांगलं आहे, डबाही चांगला आहे. तू घुसळलंस. सायकलसुद्धा तू रंग निघेपर्यंत धुवायचास. कॉस्टिकमुळे थोडा साबण होतोच. साबण, तेल, पाणी घुसळल्यावर दुसरं काय होणार?

फेकू नकोस. कोमट मीठपाणी हलकेच सोड आणि दोन दिवस हात लावू नकोस. म्हणजे झाकण उघडून बघायचंही नाही! तळाचं पाणी काढ, मग झारीने धू, निघणारं पाणी नितळ होईपर्यंत. शेवटी तापवून उरलेलं पाणी उडव. बरणीच्या पलीकडचं छापील अक्षर वाचता आलं की समज झालं.

आणि आधी विचारलं असतंस तर मी काही फी लावली नसती.

ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एक तास बारा मिनिटं! मीच थांबवला, नाहीतर अजून चालला असता. धूरही फारसा नाही. भट्टीवाला टाकीत वाकून वास घेत होता, म्हणाला की यात डिझेल मिसळलंय. मी त्याच्या हातात आपल्या इंधनाची बरणीच दिली, म्हटलं, हुंगून बघा.

तीस एकर मिळाले, ताई! सेक्रेटरींनी विचारलं, हे शिकलात कुठे. वीस वर्षं या प्रश्नाला मी ‘स्वतःच’ म्हणत आलोय. आज तोंड उघडलं आणि म्हणून गेलो, माझ्या ताईने शिकवलं. चारचौघांत म्हणालो, आणि बरं वाटलं.

पेरणीआधी दहा शेतकऱ्यांना हे शिकवायचं ठरलंय. पाच एप्रिलपासून आठवडाभर. कोण शिकवणार, तेही मी तुला न विचारता सांगून टाकलंय. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव.

तुझा धाकटा