पंख्याखालचा कौल

रेवदंडा,
श्रावणी सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप सदाभाऊजी यांस,
हेमांगीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. वाडीत सुपारी यंदा बरी धरली आहे. जाऊबाईंच्या गुडघ्याला उतार असेल. आज उपास, चुलीपासून सुटका, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो भाऊजी' म्हणते. कागदावर तुम्हाला मध्येच बोलता येत नाही.

गणपतीला आलात की चार माणसं घेऊन, शाळेची दुसरी गाडी चालवणाऱ्या परेशच्या दारात उभे राहणार म्हणालात. तुमच्या भावाच्या गाडीतली शाळेची पोरं त्याने फोडली, म्हणून. जाऊ नका. का ते पुढे येईल. आधी घोरण्याचं.

घोरतो त्याला गाढ झोप, हे तुमचं शास्त्र. मामंजींचं घोरणं नाक्यापर्यंत ऐकू यायचं, हे तुम्ही पदक मिळाल्यासारखं सांगता. मामंजी पन्नाशीतच झोपेत गेले, तेव्हा सगळे म्हणाले, काय भाग्याचं मरण. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या लिहिता लिहिता थांबल्या. तेच कारण असेल असं सांगता येत नाही म्हणाल्या, पण भाग्य वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

झोपेत घसा सैल पडून वाट मिटते, श्वास थांबतो. मग मेंदू दचकून जागं करतो, माणूस गुरकावून श्वास घेतो, परत झोपतो, आणि सकाळी सांगतो, मस्त झोप झाली. तपासणीत तुमच्या भावाचं हे तासाला चाळीसएकदा झालं. रक्तदाब त्याने चढतो, काळीज त्याने थकतं, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. दुपारी जेवून हे ओटीवर आडवे झाले की घोरणं मध्येच तुटायचं आणि मी निवडायच्या तांदळात बोटं घालून तशीच बसायची, पुन्हा सुरू होईपर्यंत. तुम्ही याला बायकांची कुरकुर म्हणता.

बाईंनी उपाय सगळे सांगितले. वजन उतरवा, माडी पिणं सोडा, कुशीवर झोपा. उताणे होऊ नयेत म्हणून मी बनियनच्या पाठीला चेंडू शिवला, तो यांनी उसवून फेकला. आजार हलका असता तर दातांत बसवायची पट्टी चालली असती. ऑपरेशन सगळ्यांना लागू पडत नाही. यांना मशीनच हवं. नाकावर मास्क, हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, बस. जुन्या लुगड्याचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं करणारी मी. मी ते मशीन भाड्याने आणलं, यावरूनच शहाण्या माणसाला काही कळलं असतं.

आठवडाभर यांनी लावलं. सकाळी चहाआधी गुणगुणायला लागले. तेवढ्यात तुम्ही आलात. तोंडाला सोंड लावून झोपणं अशुभ, बाहेरचं काही असेल, देवाला विचारू म्हणालात.

देवाला विचारायला माझी ना नव्हती. पण विचारलंत काय, तर 'ही सोंड घरात नको असेल तर उजवा दे.' देवाच्या कपाळी चिकटवलेलं फूल उजवीकडे पडलं. पडणारच. गाभाऱ्यात डाव्या हाताला पंखा आहे, तुम्हीच दिलेला, पात्यांवर तुमचं नाव गरगर फिरत असतं. तो लागल्यापासून गावात कोणाला डावा कौल मिळालेला नाही. देव बिचारा काय करील? त्याच्या तोंडावर वारा घालायचा आणि आपलंच उत्तर घरी न्यायचं. त्याला तुम्ही भक्ती म्हणता.

मशीन खोक्यात गेलं. हे पोरांना घेऊन रोज अलिबागला जातच राहिले.

एके सकाळी मला तिकडे काम आहे सांगून मी गाडीत चढले. पुढच्या जागेवर प्राप्ती बसली होती, दुसरीतली. तिला म्हटलं, बाळा, मागे जा, मी बसते. ती हलेना.

"आज माझी पाळी हाय," म्हणाली.

"कसली पाळी?"

"काकांना उठवायची. मोठी पोरं चिमटा काढतात. मी गुदगुल्या करते."

नागावच्या वळणाआधी यांची मान पडली. तिने गुदगुल्या केल्या, मागची सगळी ओरडली, हे दचकून हसले, पोरं हसली. भाऊजी, मीही हसले. दुसरं काही सुचेचना.

त्या संध्याकाळी आधी देवळात गेले. मी कौल लावला नाही. देवाला विचारलं नाही, सांगितलं. मग पोरांच्या घरोघर गेले. प्रत्येक दारात सांगितलं, उद्यापासून आमच्या गाडीत पाठवू नका. शेवटी परेशकडे. तो म्हणाला, "वहिनी, दादांची पोरं मी न्हाय घेणार." मीच त्याला गळ घातली. दादा बरे झाले की परत देईन, या बोलीवर त्याने घेतली. तर पोरं फोडली ती मी. चार माणसं घेऊन यायचं तर माझ्या दारात या, चहा ठेवते.

हे एवढंच म्हणाले, "गावात मला उघडं पाडलंस." तेव्हापासून बोलत नाहीत. गाडीची चावी माझ्याकडे आहे, बाई तपासून 'आता चालवा' म्हणेपर्यंत राहील. मशीन मात्र परत काढलंय. मास्क लावतात आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात. रागाने का होईना, श्वास घेतात.

पण राग किती दिवस पुरेल? तो ओसरला की खोकं पुन्हा माळ्यावर जाईल. तुमचा शब्द यांनी आजवर मोडलेला नाही, शहाणा असो की खुळा. म्हणून गणपतीला आलात की समोर बसून एकच शब्द बोला, 'लाव.' इतक्या वर्षांत तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि स्वतःचीही तपासणी करा. झोपेत तुम्हीही मध्येच थांबता, असं जाऊबाई सांगत होत्या. सांगताना हसत होत्या, पण नीट नाही.

कमीजास्त लिहिलं असेल, त्याची क्षमा मागत नाही. खाली सही करताना आज 'सौ.'पाशी पेन थांबलं. हे अक्षर मला अजून पुष्कळ वर्षं लिहायचं आहे.

आपली भावजय,
सौ. हेमांगी